नाव पुसणारा पॅच

मला खडूस म्हणतात हे मला ठाऊक आहे. तोंडावर कुणी म्हणत नाही. पण एकदा आमच्या मेलिंग लिस्टवर एकाने दुसऱ्याला लिहिलेलं उत्तर चुकून सगळ्यांना गेलं, त्यात होतं, "डोंबिवलीच्या काकांनी पास केलं की समज दहावी सुटली." मी त्याला उलट उत्तर पाठवलं की तुमच्या पॅचमध्ये अजून दोन चुका आहेत. होत्याच.

काम काय ते आधी सांगतो. छोट्या वाचनालयांसाठी एक सॉफ्टवेअर आहे. पुस्तकांची यादी, सभासदांची यादी, कुणी कोणतं पुस्तक नेलं, कधी परत आणलं, एवढंच ते सांभाळतं. ते कुण्या एका कंपनीचं नाही. ज्याला हवं त्याने घ्यावं, उघडून आत बघावं, काही खटकलं तर स्वतः दुरुस्त करावं आणि दुरुस्ती बरी वाटली तर सगळ्यांसाठी पाठवून द्यावी. अशा दुरुस्तीच्या तुकड्याला पॅच म्हणतात. पँटच्या गुडघ्याला आतून लावतात तसं ठिगळ, फक्त हे दिसू नये अशी अपेक्षा असते. गावोगावचे लोक असे पॅच पाठवतात. कुणी ग्रंथपाल असतो, कुणी कॉलेजात शिकवतो, एक जण तर पोस्टात आहे. ते सगळे गोळा करायचे, एकेक लावून बघायचा, चालतो का, दुसरं काही मोडतो का ते तपासायचं आणि मग नव्या आवृत्तीत घ्यायचा किंवा परत पाठवायचा, हे मी करतो. पगार नाही. नोकरी होती तेव्हा ठाण्याला एका कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात होतो. तिथे तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. कारखाना बंद झाला, खोड राहिली.

माझे नियम दोनच. ज्याने पॅच लिहिला त्याने तो तपासायचा नाही. आणि पॅचबरोबर जे वर्णन लिहिलंय तेवढंच पॅचने करायचं, जास्त नाही, कमी नाही. दुसऱ्या नियमावरून माझी भांडणं फार होतात. लोकांना वाटतं, आत शिरलोच आहोत तर जाता जाता आणखी एक गोष्ट नीट करून टाकावी. एकाने तारखेची चूक दुरुस्त केली आणि न सांगता बटणांचे रंगही बदलले. रंग छान होते. मी पॅच परत पाठवला. त्याने विचारलं, "काका, चांगलं केलं तर प्रॉब्लेम काय?" मी लिहिलं, "चांगलं केलंत म्हणून नाही, गुपचूप केलंत म्हणून." हे वाक्य मला फार आवडलं होतं. पुढे चार-पाच जणांना मी ते जसंच्या तसं चिकटवलं.

तपासणीचा शेवटचा भाग मी घरी करत नाही. कोपरला आमच्या घरापासून दहा मिनिटांवर एका सोसायटीच्या तळमजल्यावर वाचनालय आहे. बाहेर चपलांचा ढीग, आत दोन ट्यूबलाइट, वर्तमानपत्रांसाठी लांब टेबल, आणि खिडकीशी कॉम्प्युटर. तिथल्या ग्रंथपालबाई माझ्या दुसऱ्या तपासनीस. त्यांना कोडमधलं काही कळत नाही आणि कळून घ्यायची इच्छाही नाही. त्या बटण एकदा दाबून थांबत नाहीत, तीनदा दाबतात. फोनवर बोलता बोलता चुकीच्या खिडकीत नाव टाइप करतात. मधेच उठून चहा आणतात आणि येऊन विचारतात, "मी कुठे होते?" त्यांच्या हाताखालून सुखरूप निघालेलं सॉफ्टवेअर जगात कुठेही चालतं. नव्या आवृत्तीबरोबर जी माहिती छापतो त्यात "तपासलं" या शब्दापुढे माझ्या नावाखाली त्यांचं नाव असतं. त्यांनी ते पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय.

ज्या पॅचबद्दल सांगायचं आहे तो ठाण्याहून आला. पाठवणाऱ्या बाई टेंभी नाक्याजवळच्या एका जुन्या वाचनालयात ग्रंथपाल. चाळिशीच्या असतील. कोड लिहायला स्वतःच शिकलेल्या, पण नेटका लिहितात, आणि वर्णन असं लिहितात की मला शोधूनही खोड काढता येत नाही. पॅच छोटासा होता. पुस्तक परत येऊन वर्ष झालं की त्या नोंदीतून सभासदाचं नाव पुसून टाकायचं. पुस्तक किती वेळा गेलं ही संख्या राहील, कुणी नेलं ते राहणार नाही. वर्णनाखाली कारणाच्या जागी एकच ओळ होती: प्रत्यक्ष भेटीत सांगेन.

कारण लिहून पाठवा असं मी ठणकावलं असतं, पण त्या दिवसांत मला ठाण्याला दाताच्या डॉक्टरकडे जायचंच होतं. नवरात्र चालू होतं हे माझ्या डोक्यातून साफ गेलेलं. नवरात्रात टेंभी नाक्यावर भेटू म्हणणाऱ्या माणसाला ठाणेकर वेडा समजतात, आणि मी तर तीस वर्षं तिथूनच जात-येत होतो. देवीच्या मांडवापासून रांग वळसे घेत कुठवर गेलेली, कर्णे चालू, आणि माझ्या अर्ध्या तोंडाला बधिरता. त्या बाई मला वाचनालयाच्या आतल्या खोलीत घेऊन गेल्या, खिडक्या लावल्या, तरी आरतीचे शब्द ऐकू येत होतेच.

"सर, आमच्याकडे एक सून सभासद आहे," त्या म्हणाल्या. "तिचे सासरे आले. म्हणाले, हिने दोन वर्षांत काय काय वाचलं त्याची यादी द्या. मी नाही म्हटलं. मी जेवायला गेल्यावर ते परत आले आणि आमच्या मदतनीस बाईंकडून यादी काढून घेऊन गेले. एका क्लिकवर मिळते ना सर, त्या काय करणार?"

"मग?"

"मग ती आता येत नाही."

मी अर्ध्या बधिर तोंडाने एवढंच म्हटलं की कारण योग्य आहे, पण ते लेखी हवं. त्यांनी नंतर लिहून पाठवलं, सुनेचा उल्लेख न करता: "माणूस काय वाचतो हा त्याचा खाजगी मामला आहे. परत आलेल्या पुस्तकाशी त्याचं नाव जोडून ठेवायचं वाचनालयाला काही कारण नाही." मला पटलं. आजही पटतं.

तपासणी मी नेहमीसारखीच केली. त्यासाठी खऱ्या वाचनालयाची नोंदवही लागते, खोट्या शंभर नोंदींवर काही कळत नाही. कोपरच्या वाचनालयाच्या समितीने मला त्यांच्या नोंदींची प्रत घ्यायची परवानगी दिली होती. दोन अटी होत्या. घरी नेण्याआधी सगळी नावं, पत्ते, फोन काढून टाकायचे, आणि तपासणी झाली की प्रत नष्ट करायची. पहिली अट मी काटेकोर पाळायचो. नावांच्या जागी नुसते आकडे, आणि तेही असे ढवळून टाकलेले की मला स्वतःलाही कोण कोण आहे ते कळू नये. दुसरी अट मी पाळत नव्हतो. हे मी सरळ सांगतो. नवा पॅच तपासताना आधीची स्थिती आणि नंतरची स्थिती शेजारी ठेवून बघायची सवय होती, म्हणून जुनी प्रत ठेवून द्यायचो. पुढची मिळाली की मगच जुनी पुसायचो. एक प्रत कायम घरात असायची. इतरांच्या अर्ध्या ओळीवरून वाद घालणारा मी, आणि लेखी दिलेलं वचन असं मोडत होतो. नावं नाहीतच तर बिघडलं कुठे, अशी मी माझी समजूत घातलेली.

पॅच पास झाला. सांगितलं होतं तेवढंच त्याने केलं. वर्षाच्या आतली नावं राहिली, बाहेरची गेली, संख्या जुळल्या, काही मोडलं नाही. ग्रंथपालबाईंनी तीनदा बटण दाबून पाहिलं. दिवाळीनंतरच्या एका सोमवारी, वाचनालयाला सुट्टी असते त्या दिवशी, मी स्वतः जाऊन नवी आवृत्ती तिथे बसवली. कुणाला काही फरक कळला नाही. पॅच चांगला असल्याची हीच खूण.

होळीच्या आसपास ग्रंथपालबाईंचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

"सर, काकांची यादी गेली."

"कोणत्या काकांची?"

"तुम्ही या आधी."

गेलो. लांब टेबलाशी एक बाई बसल्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या, पांढरी बारीक वेणी, पुढ्यात कापडी पिशवी. मी त्यांना अनेकदा पाहिलं होतं, बोललो कधी नव्हतो. त्यांची हकीकत ग्रंथपालबाईंनी मला तिथेच, त्यांच्या देखतच सांगितली. काकूंचे यजमान या वाचनालयाचे सगळ्यात नेमाचे वाचक. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. दिवाळीत आजार कळला आणि संक्रांतीला गेले, एवढं ते झटपट झालं. वर्षभराने काकू आल्या, सभासद झाल्या आणि म्हणाल्या, यांनी काय काय वाचलं ते मला त्याच क्रमाने द्या. ग्रंथपालबाईंनी कॉम्प्युटरवरून यादी काढली. सगळी एकदम नको, वीस वीस पुस्तकं द्या, असं काकूंनी सांगितलं. वीस संपली की त्या येत, नवा कागद नेत. असं तीन वर्षं चाललं होतं. आज त्या पुढचा कागद घ्यायला आल्या, ग्रंथपालबाईंनी काकांचा नंबर टाकला, आणि पडद्यावर पुस्तकांची एकही ओळ आली नाही.

काकू मला म्हणाल्या, "तुम्ही काहीतरी नवीन बसवलंत म्हणे."

मी खुर्ची ओढून बसलो आणि सगळं सांगितलं. नाव का पुसलं, ते बरोबर का आहे, ठाण्याच्या सुनेची गोष्टसुद्धा. काकू ऐकत होत्या. ग्रंथपालबाईंचा बॅकअप पेनड्राइव्हवर असतो आणि दर शनिवारी जुन्यावर नवा घेतला जातो, त्यामुळे तिथेही काही उरलं नव्हतं. तेही सांगितलं.

"म्हणजे संपलं," काकू म्हणाल्या.

"किती राहिली होती?"

"मला काय माहीत. तुमच्या मशीनला माहीत होतं." मग माझ्याकडे न बघता, "चाळीस वर्षं हा माणूस जेवण झालं की पुस्तकात डोकं घालायचा. मी हाक मारली की 'हं' म्हणायचा. तो 'हं' ऐकून ऐकून कान किटले माझे. म्हटलं बघू तरी, एवढं होतं काय त्यात. शिकारकथा, हो. वाघ मारणारे आणि हेरगिरी करणारे. निम्मी पुस्तकं टाकाऊ निघाली. पण काही ठिकाणी कळायचं, इथे हे हसले असणार."

मला फार वाईट वाटलं. चूक शोधायची म्हटलं तर कुठेच नव्हती. कोड बरोबर, कारण बरोबर, तपासणी बरोबर. आम्ही तिघांनी मिळून एक बरोबर गोष्ट केली होती आणि या बाईंचा नवरा दुसऱ्यांदा गेला होता.

घरी प्रत होती. हे मला त्यांच्यासमोर बसल्याच क्षणी आठवलं होतं, पण बोललो नाही, कारण बोलणं म्हणजे वचन मोडल्याची कबुली. दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी समितीच्या सेक्रेटरींकडे गेलो. ते शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. मी सांगितलं की मी प्रत ठेवली होती, चूक झाली, पण तिच्यातून या बाईंची यादी मिळू शकते. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "यादी काढा," ते म्हणाले, "आणि मग माझ्यासमोर ती प्रत नष्ट करा. यापुढे प्रत इथेच बसून वापरायची, घरी न्यायची नाही." माझ्या वयाच्या माणसाला शाळेतल्यासारखं वाटायला लावायचं कसब त्यांच्याकडे अजून होतं.

प्रतीत नावं नव्हती. आकडे ढवळलेले. हजारएक माणसांतून काकांना ओळखायचं कसं, तर पुस्तकांवरून. काकूंनी जुने सगळे कागद जपून ठेवले होते, प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीची टिकली. पहिल्या कागदावरची वीस पुस्तकं याच क्रमाने कुणी नेली, असं मी प्रतीला विचारलं. एकच आकडा आला: ६१७. मी पडद्यावरच्या त्या आकड्याकडे बघून मनात नमस्कार केला, हे थोडं वेडगळ आहे, पण केला.

त्याची सगळी पुस्तकं काढली. काकूंची वाचून झालेली सोडून सत्तावन्न उरली. सत्तावन्नच आहेत ना, ओळ सुटली नाही ना, म्हणून मी ती एकेक वाचली. ही माझी रीत. आणि शेवटच्या पानावर थबकलो.

गुढीपाडव्याच्या पुढच्या आठवड्यात काकांनी कर्करोगावरचं एक पुस्तक नेलं होतं. मग आणखी एक, त्याच विषयावरचं, जाडजूड. मग मृत्युपत्र कसं करावं. मग उतारवयात एकट्याने राहणाऱ्या स्त्रियांसाठी एक छोटं पुस्तक. ही चार, चैत्र ते ज्येष्ठात. त्यानंतर परत वाघ आणि हेर, थेट दिवाळीपर्यंत. दिवाळीत आजार कळला, असं काकू सगळ्यांना सांगत होत्या. काकांना गुढीपाडव्यालाच कळलं होतं.

मी उठून गॅलरीत गेलो. समोरच्या इमारतीत कुणीतरी पापड वाळत घालत होतं. सात-आठ महिने या माणसाने बायकोसमोर जेवण झाल्यावर वाघाची पुस्तकं वाचली होती. त्याने जे एवढं निगुतीने लपवलं ते मी एका छापील कागदावर, तारखेसह, तिच्या हातात देणार होतो. ठाण्याच्या बाई म्हणाल्या होत्या, माणूस काय वाचतो हा त्याचा खाजगी मामला. तेव्हा मला ते वाक्य वाक्य म्हणून पटलं होतं. आता मला त्या पुस्तकांची नावं माहीत होती.

मी त्या चार ओळी काढल्या. त्रेपन्न राहिल्या. तारखांचा रकाना मात्र ठेवला, कारण जुन्या कागदांवर तो होता आणि आता गायब झाला असता तर संशय आला असता. मधे अडीच महिन्यांची फट दिसत होती. म्हटलं, उन्हाळ्यात माणूस गावी जातो, कोण बघतंय.

सेक्रेटरींच्या समोर बसून प्रत नष्ट केली. ती चार नावं आता फक्त माझ्या डोक्यात होती. त्याच संध्याकाळी ठाण्याच्या बाईंना फोन केला, कारण पॅचचं पुढे काय करायचं ते ठरवायचं होतं. यादी मिळाल्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं, सर. पण तुम्ही ती वाचलीत का?"

"तपासायला वाचावीच लागली."

"तेच तर म्हणत होते मी. मिळाली म्हणून तुम्ही वाचलीत."

मला राग आला. त्यांचं बरोबर होतं म्हणूनच जास्त आला. चार ओळींचं मी त्यांना सांगितलं नाही. आम्ही ठरवलं ते एवढंच: सभासद होतानाच विचारायचं, तुमची जुनी नोंद ठेवायची की पुसायची, आणि माणूस गेला तरी त्याचं उत्तर बदलायचं नाही. तसा दुसरा पॅच त्यांनी लिहिला, मी तपासला, तो आता सगळीकडे आहे. काकांना असं कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे त्यांचं उत्तर काय असतं ते कुणालाच ठाऊक नाही.

कागद मी ग्रंथपालबाईंकडे दिले. वीस वीस करून द्या म्हटलं, पण काकूंनी या खेपेला सगळे एकदम मागून घेतले. परत काही बिघडलं तर काय घ्या, असं म्हणाल्या म्हणे. मला बरं वाटलं. झालं एकदाचं, असं वाटून मी दुसऱ्या दिवशी सकाळी निवांत वाचनालयात गेलो आणि टिटवाळ्याच्या एका ग्रंथपालाने पाठवलेला बारकोडचा पॅच लावून बसलो. ग्रंथपालबाई बटणं दाबत होत्या.

काकू आल्या. पिशवी टेबलावर ठेवली, शेवटचा कागद काढला आणि माझ्या कीबोर्डवर ठेवला.

"यात चार कमी आहेत," त्या म्हणाल्या.

मी कागदाकडे बघितलं. "कमी कशी असतील," असं काहीतरी बोललो असेन.

"चाळीस वर्षांत यांनी कधी पुस्तकाला कव्हर घातलं नाही. मी ओरडायचे, वाचनालयाचं पुस्तक आहे, डाग पडतील. नाही घातलं. त्या उन्हाळ्यात चार पुस्तकांना वर्तमानपत्राची कव्हरं घातली त्यांनी. दुपारी झोपले होते तेव्हा मी पहिलं पान उघडून नाव वाचलं. चारही वेळा." त्यांनी अडीच महिन्यांच्या त्या फटीवर बोट ठेवलं. "इथे होती ती."

ग्रंथपालबाईंचा हात बटणावर तसाच राहिला होता.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो.

"त्यांना सांगायचं नव्हतं. मग मीही नाही विचारलं. दिवाळीपर्यंत दोघं गप्प." काकूंचा आवाज वर गेला नव्हता, उलट खाली आला होता. "तेव्हा नावापुढे वाचायची हिंमत नव्हती माझी. उघडलं आणि मिटलं. तीन वर्षं वाघ वाचत आले ते त्या चारांपर्यंत यायला. आणि तुम्ही ती काढून टाकलीत."

"तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून," मी म्हटलं. बोलता बोलताच मला स्वतःची शरम वाटली.

"त्यांनी लपवलं, ते माझे नवरा होते," काकू म्हणाल्या. "तुम्ही कोण?"

मी खिशातून पेन काढलं, कागद उलटा केला आणि चार नावं लिहिली, ज्या क्रमाने त्यांनी नेली होती त्या क्रमाने. नावं नीट आठवत होती, त्याबद्दल शंकाच नव्हती. एक ओळ मात्र खोडून परत लिहावी लागली. काकूंनी कागद उचलून डोळ्यांपासून लांब धरला, एकेक नाव ओठांतल्या ओठांत वाचलं आणि मान हलवली. मग तो ग्रंथपालबाईंपुढे धरला.

"यातलं पहिलं द्या," त्या म्हणाल्या.

ग्रंथपालबाई कपाटाशी गेल्या आणि खालच्या कप्प्यातून पुस्तक काढून आणलं. काकूंनी ते उघडलं नाही. वर्तमानपत्रांच्या टेबलावरून कालचा अंक उचलला, मधलं पान काढलं, "हे घेते हं," म्हणाल्या, आणि तिथेच बसून पुस्तकाला कव्हर घालायला लागल्या.